पुन्हा ऐकण्याची सोय

१९८१ च्या जूनमध्ये मी आठवीत गेले आणि त्याच वर्षी इंग्रजीच्या सरांनी आपल्या वर्गात पहिल्यांदा टेपरेकॉर्डर आणला. तो शाळेचा नव्हता, सरांचा स्वतःचा होता, आणि कापडी पिशवीत घालून सायकलच्या हँडलला अडकवून ते तो आणत असत. त्या काळी इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असे. म्हणजे तीन वर्षे इंग्रजी शिकूनही आम्ही ते शिक्षकांखेरीज कोणाच्या तोंडून ऐकलेले नव्हते. रेडिओवर इंग्रजीचे पाठ लागत, पण रेडिओवरचे वाक्य एकदा कानावरून गेले की गेले. सर रात्री जागून ते पाठ कॅसेटवर उतरवून घेत आणि यंत्राच्या तीन आकडी काउंटरवरचा आकडा पाठ्यपुस्तकाच्या समासात पेन्सिलीने टिपून ठेवत. वर्गात "शून्य चार सात" असे स्वतःशीच पुटपुटत ते फीत मागे नेत आणि नेमके तेच वाक्य पुन्हा लावत. चाळीस मिनिटांच्या तासात कधीकधी तीनच वाक्ये होत.

त्यांतला 'शिप' आणि 'शीप' यांचा तास मला आजही जसाच्या तसा आठवतो. एक जहाज, दुसरी मेंढी. ऱ्हस्व-दीर्घाचे नियम आम्ही शुद्धलेखनाच्या गुणांसाठी घोकले होते, पण बोलताना आपली मराठी जीभ तो भेद फारसा पाळत नाही. शिवाय इंग्रजीतला फरक नुसत्या लांबीचा नाही, जिभेच्या ठेवणीचाही आहे. सरांनी तो फळ्यावर लिहून सांगितला तेव्हा आम्ही माना हलवल्या, आणि कॅसेट तिसऱ्यांदा मागे गेली तेव्हा तो खरोखर ऐकू आला. त्या आठवड्यात शाळा सुटल्यावर सरांनी आम्हा सहा मुलींना प्रयोगशाळेत बसवून एकेकीचा आवाज टेप केला. वर्गात उभे राहून इंग्रजी बोलायची आमच्यापैकी एकीचीही छाती नव्हती, कारण चुकल्यावर मागच्या बाकांवरून उठणारे हसू आम्हाला ठाऊक होते. प्रयोगशाळेत फक्त यंत्र होते. मी माझा आवाज ऐकला, तो मला परका वाटला, आणि मी न सांगता पुन्हा बटण दाबले. पुढची सगळी वर्षे मी भाषा शिकवण्याचे जे काम करत आले, त्याची सुरुवात त्या बटणापासून झाली असे मी मनापासून मानते.

पुढे कळले की सर ज्या वाटेने चालले होते ती वाट बरीच जुनी होती. एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला आणि त्यानंतर पाव शतकाच्या आत, १९०१ मध्ये, ध्वनिमुद्रणावरून भाषा शिकवणारी लिंग्वाफोन ही संस्था लंडनमध्ये निघालीसुद्धा. फिलिप्सने १९६३ मध्ये छोटी कॅसेट आणली आणि ही सोय सायकलच्या हँडलला अडकवून नेता येईल इतकी हलकी झाली. मोठ्या संस्थांतून तिला 'भाषा प्रयोगशाळा' असे भारदस्त नाव होते. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी व परकीय भाषा संस्थेत मी १९९२ मध्ये पदविकेसाठी गेले, तेव्हा तशी प्रयोगशाळा जवळून पाहिली. लाकडी कप्प्यांची रांग, प्रत्येक कप्प्यात हेडफोन, आणि समोर शिक्षकांचा टेबलाएवढा कंट्रोल. त्या यंत्रातल्या फितीवर दोन पट्ट्या असत. शिक्षकांचा आवाज असलेली पट्टी विद्यार्थ्याला पुसता येत नसे, स्वतःची मात्र हवी तितक्या वेळा पुसून नव्याने भरता येत असे. चुकीची खूणही मागे उरू न देणारी ही रचना ज्यांनी कोणी केली, त्यांना शिकणाऱ्याचे मन नक्कीच कळले होते.

टेपरेकॉर्डर ऐकवतो, पण उत्तर बरोबर की चूक हे सांगत नाही. ते काम संगणकाने केले आणि आपल्याकडे संगणक हा शब्दही रुळला नव्हता तेव्हापासून केले. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी १९६० मध्ये 'प्लेटो' नावाची प्रणाली सुरू केली. १९७० च्या दशकात तिच्या नारिंगी प्रकाशाच्या प्लाझ्मा पडद्यावर बोट टेकवूनही उत्तर देता येत असे, आणि फ्रेंच, रशियन, लॅटिन यांचे पाठ त्यावर चालत. विद्यार्थ्याने वाक्य टंकले की कोणता शब्द चुकला आणि कोणता जागेवर नाही, हे यंत्र त्या त्या शब्दाखाली खूण करून दाखवी. शिक्षकाला चाळीस वह्या तपासून जे दुसऱ्या दिवशी सांगता येते, ते मुलाच्या मनात वाक्य ताजे असतानाच सांगितले गेले, हा त्यातला मोठा लाभ मला वाटतो.

तिसरी गोष्ट अगदी आपल्या घरातली आहे आणि आपल्याच माणसांना ती फारशी माहीत नाही, म्हणून ती इथे आवर्जून लिहिते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय इंग्रजीचा एक संगणकीय शब्दसंग्रह सिद्ध झाला. १९७८ साली भारतात छापल्या गेलेल्या इंग्रजी मजकुरातून सुमारे दोन दोन हजार शब्दांचे ५०० उतारे, म्हणजे एकूण दहा लाख शब्द. अमेरिकन इंग्रजीसाठी ब्राउन विद्यापीठाने जे केले होते, त्याच घडणीवर हे काम झाले, आणि जगभरचे भाषाभ्यासक ते आजही 'कोल्हापूर कॉर्पस' या नावाने ओळखतात. मी एम.ए.ला त्याच विद्यापीठात होते. एखादा शब्द सांगितला की तो ज्या ज्या वाक्यांत आला ती वाक्ये एकाखाली एक, शब्द मधोमध ठेवून, यंत्र मांडून देते, हे मला तिथे प्रथम कळले. आणि व्याकरणाच्या पुस्तकाआधी अशी पाने विद्यार्थ्याच्या हाती द्यावीत असे तेव्हापासून वाटत आले.

पुण्यात अमराठी माणसांना मराठी शिकवायला लागल्यावर मी 'लागणे' या एका क्रियापदाचे असे पान हाताने तयार केले. भूक लागली, ठेच लागली, नोकरी लागली, लग्न लागले, शोध लागला, भाजी तिखट लागली, पाऊस पडू लागला, उद्या जावे लागेल. वर्गात शिकायला येणाऱ्या एका शिक्षिकेने ते पान दोनदा वाचले आणि 'लागणे'चा अर्थ विचारायचे सोडून आपणहून वाक्य केले, "मला मराठी आवडू लागली." असे पान संगणकाने करून द्यावे अशी माझी फार इच्छा होती आणि ती कित्येक वर्षे पुरी झाली नाही.

त्याचे कारण आपल्या लिपीच्या यंत्रातल्या मांडणीत होते. कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये सुरू झालेले 'जिस्ट'चे, म्हणजे संगणकावर भारतीय लिप्या आणण्याच्या तंत्राचे, काम पुढे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत वाढले आणि भारतीय लिप्यांतली अक्षरे यंत्रात कशी साठवायची हे ठरवणारे 'इस्की' हे प्रमाण १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झाले. पण छपाईच्या दुकानांपासून कचेऱ्यांपर्यंत सगळीकडे चालत ते आपापले फॉन्ट. त्यांत अक्षर दिसायचे देवनागरी, आत मात्र ते कोणत्या तरी इंग्रजी चिन्हाच्या जागी बसवलेला एक तुकडा असायचे. 'कि' लिहिताना वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून ती आधी टंकायची आणि मग 'क'. फॉन्ट बदलला की साऱ्या मजकुराची निरर्थक चिन्हे व्हायची. माझी दोन वर्षांची स्वाध्यायपत्रे एका नव्या संगणकावर अशीच वाचता येईनाशी झाली आणि मी त्या रात्री अक्षरशः रडले. अशा मजकुरात यंत्राला शब्द शोधता येत नव्हता, तर विद्यार्थ्याचे उत्तर ते कशाशी ताडून पाहणार? पुढे इस्कीच्या पायावर युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, देवनागरी आली, तीत आधी 'क' आणि मग वेलांटी, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने अक्षरे साठवली जाऊ लागली. विंडोज २००० पासून ती घरच्या संगणकावर उतरली. त्यातला 'मंगल' हा फॉन्ट प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवलेला होता.

तरी मराठीचा एक हट्ट उरलाच होता. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना' नमस्कार करायचा आणि 'आचाऱ्यांना' जेवणाची पाने किती ते सांगायचे. हिंदीला हा भेद लागत नाही, आपल्याला त्यावाचून चालत नाही. त्यासाठी खाली टिंब असलेल्या 'ऱ'चा आधार घेतला गेला, जो मुळात द्राविडी भाषांतल्या एका ध्वनीच्या लिप्यंतरासाठी होता. माझ्या पडद्यावर 'दऱ्या' पहिल्यांदा नीट उमटली तेव्हा मी ती शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यांना उठवून दाखवली.

आता हे सारे सोपे झाले आहे. मोल्सवर्थचा साठ हजार शब्दांचा १८५७ चा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणालाही शोधता येतो, आणि २०१७ पासून गूगलचे श्रुतलेखन मराठी ऐकून लिहिते. पण लिपी जे दाखवत नाही ते शिकवायला मी आजही आवाजाकडेच वळते. आपला 'च' दोन प्रकारे उच्चारला जातो आणि लिहिताना एकच दिसतो, 'चार' मधला वेगळा, 'चारा' मधला वेगळा. आपल्याला तो आईच्या तोंडून मिळतो; ओडिशातून बदलून आलेल्या बँकेतल्या अधिकाऱ्याला तो कुठून मिळणार? म्हणून मी "चार गाईंना चारा घाल" हे वाक्य फोनवर टेप करून माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठवते आणि त्यांना आपल्या आवाजात परत पाठवायला सांगते.

गेल्या महिन्यात एका अधिकाऱ्यांचे वाक्य रात्री साडेअकराला आले. दोन्ही 'च' स्वच्छ होते. सोबत त्यांनी लिहिले होते, "मॅडम, हे चौदावे आहे. आधीची तेरा पुसली." मी सरांच्या समासातल्या पेन्सिलीच्या आकड्यांची आठवण काढत त्यांचे वाक्य मागे नेले आणि पुन्हा ऐकले.