गोळ्या न देता जमेल का?

“एडीएचडी आहे म्हणाले. पण सात वर्षांच्या पोराला गोळ्या सुरू करायला मन धजत नाही. औषधाशिवाय काही करता येईल का?” तुम्ही विचारलंत, आणि पुण्यातले पालक हेच फार वेळा विचारतात, म्हणून उत्तर जरा सविस्तर. (एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा आणि उतावीळपणा.)

करता येतं. मूल सहाच्या आतलं असेल तर सुरुवात याच मार्गाने करायची असते. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, मुलाचं वागणं कसं हाताळायचं याचं पालकांना प्रशिक्षण हा पहिला उपचार आहे. सहाच्या पुढे त्याच सूचना औषध आणि वर्तनोपचार जोडीने सुचवतात. तेव्हा सात-आठ वर्षांच्या मुलाला औषध नको म्हणताना काय मिळेल हे आधी माहीत हवं. घरातली भांडणं कमी होतात, सकाळ मार्गी लागते, गृहपाठ पुरा होतो, ‘मी वाईटच आहे’ हा मुलाचा समज सैल होतो. वर्गात लक्ष किती वेळ टिकतं, यात मात्र फरक कमी पडतो.

कामाला लागण्याआधी काही गोष्टी तपासून घ्या. कान आणि डोळे. रक्तात हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, कारण हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा कमी असू शकतो. डॉक्टरांना वाटलं तर थायरॉइड. मूल रात्री घोरत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल तर नाक-कान-घसा तज्ज्ञांना दाखवाच; ॲडिनॉइड (नाकामागची ग्रंथी) वाढल्याने झोप मोडणारं मूल अनेकदा दिवसा पेंगत नाही, उलट सैरावैरा धावतं. निदानासाठी लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासूनची, किमान सहा महिने टिकलेली आणि घर-शाळा अशा दोन ठिकाणी दिसणारी लागतात. शिक्षकांचा फॉर्म भरून न घेता कुणी दहा मिनिटांत निदान सांगितलं, तर दुसरं मत घ्या.

आता मुख्य मुद्दा. या मुलांना काय करायचं ते माहीत असतं. विचारलं तर सकाळी उठल्यावरची सगळी कामं ती क्रमाने सांगतात. अडतं ते नेमक्या त्या मिनिटाला करण्यात. म्हणून रात्री दिलेलं व्याख्यान सकाळी साडेसहाला कामाला येत नाही, आणि रविवारी मिळणाऱ्या बक्षिसाचा मंगळवारी उपयोग नसतो. मदत त्याच जागी आणि त्याच मिनिटाला पोचली पाहिजे.

सूचना देण्यापासून सुरुवात करा. स्वयंपाकघरातून “आवर लवकर, किती वेळा सांगायचं!” असं ओरडलं, तर त्यात मुलाने करायचं काम एकही नाही. टीव्ही बंद करा, हाताच्या अंतरावर जा, खांद्यावर हात ठेवा, त्याने तुमच्याकडे पाहिलं की नाव घेऊन म्हणा, “मोजे घाल.” एका वेळी एकच काम, दोन-चार शब्दांत. “मोजे घालतोस का?” असं विचारू नका, प्रश्नाला ‘नाही’ हेही उत्तर असतं. मग मनात पाच आकडे मोजा आणि तेवढा वेळ गप्प राहा. इथेच बहुतेकांचं बिनसतं: दुसऱ्या सेकंदाला आपण तेच पुन्हा म्हणतो आणि त्याचं हलू लागलेलं चक्र थांबतं. मोजे घातले की लगेच सांगा, “सांगितल्याबरोबर घातलेस.” नुसत्या ‘शाब्बास’ने कशाबद्दल ते कळत नाही.

दुसरं साधन चिंचोक्यांची बरणी. चार ते आठ वर्षांच्या मुलाला वहीतल्या गुणांपेक्षा हातात पडणारी वस्तू कळते. पुढच्या वयाला गुण चालतात. तीनच कामं निवडा. त्यातलं एक तो बहुधा करतच असेल असं घ्या, उदाहरणार्थ डबा ओट्यावर ठेवणं. सकाळ-संध्याकाळ मिळून सहा संधी, दर कामाला एक चिंचोका, काम झाल्यावर मिनिटभरात पारदर्शक बरणीत. किमती आधीच लिहून भिंतीवर लावा: तीन चिंचोक्यांना आजीबरोबर सापशिडीचा डाव किंवा झोपताना जादा गोष्ट, बारा चिंचोक्यांना रविवारी पेशवे पार्क. रोज सरासरी चार मिळाले तर आठवड्याचे अठ्ठावीस होतात; त्यात पाच छोटी बक्षिसं आणि एक मोठं बसतं. पहिल्या दिवशी झोपायच्या आत एक तरी बक्षीस मिळालंच पाहिजे, नाहीतर डाव तिथेच संपतो.

हे फसतं त्याची कारणं ठरलेली. रागाच्या भरात मिळवलेले चिंचोके काढून घेतले जातात. पहिले दोन आठवडे तरी हे अजिबात नको. आजोबा तीच सापशिडी फुकट खेळतात, म्हणून आजी-आजोबांना पहिल्या दिवसापासून योजनेत घ्या. आणि दोन-तीन आठवड्यांत बक्षीस शिळं होतं, तेव्हा ते बदला. योजना सोडू नका.

मूल हट्टाने किंचाळत असेल आणि धोका नसेल, तर लक्ष न देणं हा उपाय आहे. पण सुरुवातीचे काही दिवस किंचाळणं वाढतं, हे घरातल्या सगळ्यांना आधी सांगून ठेवा. नेमक्या त्या दिवसांत हार मानली, तर ‘जास्त ओरडलं की मिळतं’ एवढंच तो शिकतो.

गृहपाठाला दहा-बारा मिनिटं काम आणि तीन मिनिटं सुट्टी. वेळ डोळ्यांना दिसायला हवा: किचन टायमर किंवा वाळूचं घड्याळ, मोबाइल नको. सुट्टीतही मोबाइल नको. तीन मिनिटांनी तो परत घेताना होणारी झटापट अर्धा तास खाते. टेबल भिंतीकडे तोंड करून, वर एकच वही. गणिताचं पान अर्धं दुमडा, म्हणजे वीसऐवजी दहाच गणितं दिसतील.

अभ्यासाच्या आधी अर्धा तास दमवणारी हालचाल व्हावी: मल्लखांब, पोहणं, पर्वतीच्या पायऱ्या, तळजाईची टेकडी. परिणाम तात्पुरता असतो, म्हणून ती अभ्यासाला लागून ठेवायची. शाळेनंतर दोन क्लास लावून मैदानाचा वेळ खाणं या मुलांना परवडत नाही. अबॅकस पुढच्या वर्षी शिकता येईल. सहा ते बारा वयाला नऊ ते बारा तास झोप लागते. व्हॅन पावणेसातला येत असेल तर सहाला उठायचं, म्हणजे उशिरात उशिरा नऊला झोप, म्हणजे जेवण साडेसातला. साडेनऊच्या जेवणाची सवय सगळ्या घराने मोडावी लागते, आणि खरं सांगायचं तर हेच सर्वांत जड जातं.

शाळेत पन्नास-साठ मुलं सांभाळणाऱ्या बाईंकडून रोज निबंध मागू नका. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर दोन ओळी द्या: ‘वही काढली’, ‘जागेवर बसला’, दर तासाला फक्त बरोबर किंवा फुली. आठपैकी तीन बरोबर येत असतील तर पहिलं उद्दिष्ट चार ठेवा, आठ नको. घरी आल्याआल्या त्यावर चिंचोके द्या. जागा पुढच्या बाकावर, दार-खिडकीपासून लांब मागा.

साखरेने मुलं चेकाळतात हा समज १९९५ मध्ये एकत्र तपासलेल्या चाचण्यांत टिकला नाही. गोड कमी करा, पण दातांसाठी. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्या ‘मिडब्रेन’ शिबिरांवर एक रुपयाही घालू नका. ‘नैसर्गिक’ म्हणून मिळणारी, घटक न छापलेली पुडीही औषधच आहे, फक्त आत काय आहे ते ठाऊक नसलेलं. अशा काही औषधांत शिसं सापडलेलं आहे, आणि शिसं स्वतःच अवधान बिघडवतं.

हे सगळं आठ ते बारा आठवडे नेटाने करा आणि वहीत रोज दोनच आकडे लिहा: गृहपाठाला लागलेली मिनिटं आणि शाळेच्या कार्डावरचे गुण. आकडे हलत नसतील, मूल रस्त्यावर धावत सुटत असेल, किंवा वर्षाच्या वर्ष अभ्यास हातातून जात असेल, तर ती वही घेऊन बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा बालविकासतज्ज्ञांकडे जा आणि औषधाबद्दल मोकळ्या मनाने बोला. आधीपासून औषध चालू असेल तर ते आपल्या मनाने बंद करू नका. औषध सुरू झालं तरी बरणी आणि कार्ड चालू ठेवा. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५७९ मुलांच्या चौदा महिन्यांच्या अमेरिकी अभ्यासात मूळ लक्षणांवर औषध वर्तनोपचारापेक्षा सरस ठरलं, पण दोन्ही एकत्र मिळालेल्या मुलांना औषधाचा डोस कमी पुरला.