वहीतली एकोणीस मिनिटं

"अरे वा, आज चक्क घाम काढलास की!" असं मी माझ्या पेशंटला म्हणाले. त्यानंतर पाचच मिनिटांत त्याच घामाने माझे हातपाय गार पडले.

अपघातात त्याच्या मानेत, सी-सिक्सच्या, म्हणजे सहाव्या मणक्याच्या पातळीवर मज्जारज्जूला इजा झाली होती. खांदे आणि दंड चालतात, मनगट वर उचलता येतं, पण बोटं मिटत नाहीत. म्हणून हाताने फिरवायच्या सायकलच्या मुठींना त्याचे हात ग्लोव्ह्जच्या पट्ट्यांनी बांधावे लागतात. आठवड्यातून दोनदा, किमान २० मिनिटं, दम लागेल इतका व्यायाम हे आमचं लक्ष्य. गाडी १२ मिनिटांवर अडली होती.

अशा पेशंटच्या बाबतीत '२२० वजा वय' हे सूत्र कामाचं नाही. हृदयाला 'पळ' म्हणून सांगणाऱ्या नसा मज्जारज्जूच्या छातीकडच्या भागातून निघतात. मेंदूचा हुकूम मानेतच अडला की त्या नसांपर्यंत पोचतच नाही. त्यामुळे कितीही जोर लावला तरी त्याची नाडी १२०च्या वर जात नसे. मग आम्ही विचारायचो, "सहा ते वीसमध्ये सांग, किती दमलास?" सहा म्हणजे काहीच नाही, वीस म्हणजे पुरता दम. घामाचंही तेच. अंग तापतं, पण घाम येत नाही. त्याच्या तोंडावर पाणी मारायची स्प्रेची बाटली मी कायम हाताशी ठेवते. त्या दिवशी ती भरलेलीच राहिली, आणि मला त्याचं कौतुक वाटलं!

बारा मिनिटं झाली. पंधरा झाली. "थांबायचं?" "नको मॅडम, आज मस्त चाललंय." मी घड्याळ बघत होते, त्याच्याकडे नाही. एकोणिसाव्या मिनिटाला तो म्हणाला, "डोकं ठणकतंय." तेव्हा कुठे मी नीट बघितलं. चेहरा आणि मान लालबुंद, कपाळावर घामाचे टपोरे थेंब, आणि हातांवर काटा. व्यायामाने तापलेल्या माणसाच्या अंगावर काटा कशाला येईल?

बीपी घेतलं: १८४/१००. त्याचं एरवीचं बीपी ९५/६०.

ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया. पुस्तकात अनेकदा वाचलेला, समोर पहिल्यांदाच. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा असली, की खाली कुठेतरी काही टोचलं, तुंबलं, आवळलं तर पेशंटला ते कळत नाही. पण शरीर घाबरतं. खालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी चढत जातं. मेंदूला ते खाली आणायचं असतं, पण त्याचा निरोप इजेच्या खाली उतरत नाही. वेळीच आवरलं नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

मदतनीस धावत आला आणि खुर्चीची पाठ मागे टाकायला लागला. माणूस बेजार दिसला की आडवं करायचं, ही आपली सवय. मी ओरडले, "नाही! बसवूनच ठेव!" बसलेलं असलं, पाय खाली सोडलेले असले, की बीपी थोडं तरी उतरतं. पोटाचा पट्टा सोडला, बुटांच्या नाड्या सोडल्या, डॉक्टरांना बोलावणं धाडलं. मग युरिन बॅगकडे, त्याची लघवी नळीवाटे साठते त्या पिशवीकडे, नजर गेली. तासाभरात दोन बाटल्या पाणी पिऊन झालं होतं, आणि बॅग जवळजवळ कोरडी.

नळीवरून बोट फिरवत गेले. मांडीशी ती दुमडली होती, नव्या पट्ट्याखाली. पाय हलू नयेत म्हणून सुरुवातीलाच तो पट्टा मी बांधला होता. मीच.

पट्टा सोडला आणि नळी भरून वाहायला लागली. डॉक्टर आले तोवर बॅगेत ७०० मिली. बीपी १५०, मग १२८, मग १०४. दर दोन मिनिटांनी मी आकडा मोठ्याने वाचत होते, त्याच्यासाठी कमी, स्वतःसाठी जास्त.

पॅरा-खेळांत काही खेळाडू हेच मुद्दाम घडवून आणतात. मूत्राशय तुंबवून ठेवायचं, बीपी चढवायचं, म्हणजे जोर वाढतो. त्याला 'बूस्टिंग' म्हणतात आणि त्यावर बंदी आहे. त्याची ती एकोणीस मिनिटं कुठून आली, हे मला तेव्हा उमगलं.

पुढच्या खेपेला सायकलवर बसवण्याआधी मी बॅग रिकामी केली, नळी दोनदा तपासली, पट्टा बांधल्यावर तिसऱ्यांदा. तो हसत होता. त्या दिवशी साडेबारा मिनिटं झाली, कपाळ कोरडं, स्प्रे अर्धा संपला. वही उघडली तर म्हणतो, "मॅडम, ती एकोणीस धरायची की नाही?"

"नाही."

"पण हात तर मीच फिरवले ना!"

मी खोडलेला आकडा तसाच ठेवला आणि खाली साडेबारा लिहिलं.