कोतोचा डावा हात

तार छेडून झाली, उजवा हात थांबला, आणि सूर त्यानंतर चढला! आज कोतो हे जपानी तंतुवाद्य ऐकताना तेवढंच डोक्यात अडकलं.

ती करामत डाव्या हाताची. 13 तारा, प्रत्येकीखाली एक सरकती घोडी, म्हणजे तार उचलून धरणारा आधार. घोडीच्या डावीकडे तार दाबली की सूर अर्धा किंवा पूर्ण स्वर चढतो. दाब जरा कमी पडला की बेसूर. घोडी घसरली तर त्या तारेचा सूरच गेला.

कोतोच्या तारा लावायची एक पद्धत म्हणजे हिराजोशी. त्या जुळणीचे स्वर पेटीवर वाजवून बघा: सा, कोमल रे, शुद्ध म, प, कोमल ध. गुणकली रागाचेच की! (सा कुठला धरायचा, हा वाद वेगळा.)

जपानी संगीतकार मियागी मिचिओंची 1929ची ‘हारु नो उमि’ ही रचना कोतो आणि शाकुहाची बासरीसाठी आहे. फ्रेंच वादक रेने शमे यांनी त्यातली बासरी व्हायोलिनवर घेतली. कोतो मात्र कोतोच राहिला. तो दाब दुसऱ्या कशावर उतरेल?