चार कासवं आणि एक ट्रॉली

सोमवार, रात्री. वळवाची सर येऊन गेली, करंट आत्ता आला.

‘टीनएज म्युटंट निंजा टर्टल्स’ची, म्हणजे गटारात राहून लढणाऱ्या चार कासवांची, १९८७ ची कार्टून मालिका ओळीनं बघू नये. कुठलाही भाग उचलावा. दुसऱ्या सीझनमधला असो नाहीतर चौथ्यातला, दोन मिनिटांत कळतं की कोण कुणाच्या बाजूचा, कोण कुठं राहतो आणि आज कुणाला काय हवंय. १९३ भाग, आणि दार प्रत्येक भागाला. हे आपोआप होत नाही, बांधून घ्यावं लागतं.

पहिले पाच भाग तेवढे अपवाद. ते डिसेंबर १९८७ मध्ये एक छोटी सलग गोष्ट म्हणून आले, आणि सगळे कायदे तिथंच घालून दिले आहेत. म्युटाजेन नावाचं रूप पालटणारं रसायन अंगाला लागलं की शेवटी ज्याचा स्पर्श झाला त्याचं रूप चढतं. कासवांचा शेवटचा सहवास हमातो योशी या माणसाचा, म्हणून ती माणसासारखी झाली. योशीचा सहवास गटारातल्या उंदरांचा, म्हणून तो उंदीर, म्हणजेच कासवांचा गुरू स्प्लिंटर. मूळ कॉमिकमध्ये स्प्लिंटर हा योशीचा पाळलेला उंदीर होता. टीव्हीवाल्यांनी दोघांना एक केलं आणि एक पात्र वाचवलं. शिवाय खलनायक श्रेडरशी असलेलं वैर थेट गुरूच्या अंगावर आलं, ते सांगायला वेगळा माणूस लागला नाही.

पाच भागांनंतर पाटी दर वेळी कोरी. टेक्नोड्रोम, म्हणजे खलनायकांचा फिरता तळ, कुठंतरी रुतलेला, त्याला ऊर्जा हवी किंवा एखादा सुटा भाग. श्रेडरचा जोडीदार क्रँग ओरडतो. श्रेडर बीबॉप आणि रॉकस्टेडी या हस्तकांना घेऊन शहरात येतो. चॅनेल ६ ची एप्रिल ओ’नील बातमीसाठी नेमकी तिथंच असते, बऱ्याचदा पकडली जाते. पहिली मारामारी फसते, डोनाटेलो काहीतरी यंत्र जुळवतो, दुसरी जमते, श्रेडर पळतो, आणि गटारात पिझ्झा व एक विनोद. यातली पहिली मारामारी फसायलाच हवी. ती जिंकली की गोष्ट आठव्या मिनिटाला संपते आणि पुढचं सगळं पाठलागानं भरावं लागतं. मालिकेतले जे भाग कंटाळवाणे वाटतात त्यात बहुतेकदा हीच गफलत आहे.

पाटी कोरी का ठेवायची, याचं उत्तर हिशेबात आहे. पहिला सीझन ५ भागांचा, दुसरा १३, तिसरा ४७. बेरीज ६५. आठवड्याचे पाच दिवस गुणिले तेरा आठवडे म्हणजेही ६५. अमेरिकेत गावोगावच्या केंद्रांना रोज दाखवायला मालिका विकायची तर हा आकडा भरावा लागे. आणि रोज लागणाऱ्या मालिकेत पोराचा एखादा दिवस चुकणारच, शाळा आहे, ताप आहे. कालचं माहीत नसलं म्हणून आज अडता कामा नये.

मंगळवार.

आपल्याकडं हा हिशेब कुणाला लागू पडत असेल तर चित्ररथवाल्यांना. बेळगावची शिवजयंतीची मिरवणूक रात्रभर चालते, ट्रॉलीवरचा सजीव देखावा चौकाचौकात थांबतो आणि पहिल्यापासून सुरू होतो. नरगुंदकर भावे चौकात बघणारा माणूस रामदेव गल्लीत तोच देखावा बघायला पळत नाही, तो पुढच्या मंडळाची वाट बघतो. म्हणजे प्रत्येक चौक हा एक भाग, आणि प्रत्येक भागाचा प्रेक्षक नवा.

तरी देखाव्याच्या संहिता लिहिताना दोन पानं निवेदनात जातात. गर्दीत, जनरेटरच्या आवाजात, शेजारच्या मंडळाचा डॉल्बी चालू असताना ‘इसवी सन सोळाशे साठ, पन्हाळ्याचा वेढा’ कुणाच्या कानात शिरतं? कासवांच्या शीर्षकगीताकडं बघा. मिनिटभराचं गाणं, त्यात चौघांना एकेक ओळ: हा पुढारी, हा यंत्रवाला, हा तिरकस, हा मजा करणारा. बस. श्रीकृष्ण पारिजात या कन्नड लोकनाट्याच्या खेळात भागवत, म्हणजे सूत्रधार, आलेल्या पात्राला ‘तू कोण, कुठला’ विचारतो आणि पात्र स्वतःच्या तोंडानं ओळख सांगतं, तीच ही सोय. देखाव्यातही पहिल्या वीस सेकंदांत प्रत्येकाची ओळख एका वाक्यात पडली पाहिजे, आणि ती निवेदकानं नाही, पात्रानं द्यावी.

बुधवार. उकाडा.

आज फक्त रंग.

ईस्टमन आणि लेअर्ड यांचं १९८४ चं कॉमिक आतून काळंपांढरं होतं, आणि मुखपृष्ठांवर चौघांच्या डोळ्यांवरच्या पट्ट्या लालच. वाचकाला फुगा कुणाच्या तोंडाला लागलाय ते दिसतं, हातात शस्त्र असतं, चालून जातं. पडद्यावर आकृती हलते, पाठमोरी होते, शस्त्र पाठीवर जातं. मग लिओनार्डो निळा, डोनाटेलो जांभळा, राफेल लाल, मायकेलअँजेलो नारिंगी. वर कमरेच्या पट्ट्याच्या बकलावर नावाचं आद्याक्षर. खेळण्यांच्या दुकानात चारही घ्यायला लावायची तर चारही वेगळी दिसली पाहिजेत, हा फायदा वेगळाच.

यात काटकसर बघण्यासारखी आहे. शरीराचा नमुना जवळजवळ एकच, बदल फक्त पट्टीचा, बकलाचा आणि त्वचेच्या छटेचा. सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं तर १२ चित्रं. २२ मिनिटांना १५,८४० चित्रं, तीही एकच पात्र सतत हलतं धरून. चौघं एकत्र आले की हिशेब चौपट. म्हणून उभी आकृती तशीच ठेवून फक्त तोंड हलवायचं, धावण्याचं एकच चक्र पुन्हा पुन्हा वापरायचं. आणि सारखेपणाचा तोटाही इथंच: रंग भरणाऱ्याचा डबा चुकला की राफेलच्या तोंडी डोनाटेलोचा आवाज. अशा चुका मालिकेत ढिगानं आहेत. शस्त्राकडं नजर ठेवली की लगेच सापडतात.

ट्रॉलीवरचे सहा मावळे सगळे पांढऱ्या अंगरख्यात आणि भगव्या पगडीत उभे केले की पहिल्या चुकीची सोय झालीच. चाळीस फुटांवरून, पिवळ्या हॅलोजनखाली, बाजीप्रभू कोण आणि फुलाजी कोण? दाढीमिशीनं फरक पडत नाही, तेवढ्या लांबून सगळे मिशीवालेच. पगडीचा रंग बदलावा, शेल्याचा बदलावा, आणि एकाच्या हातात दोन तलवारी, दुसऱ्याच्या हातात एक आणि ढाल. हॅलोजनखाली भगवा आणि लाल जवळजवळ सारखेच दिसतात, ही जोडी टाळावी. निळा आणि हिरवाही काळवंडतात, त्यांना पांढरी किनार लावावी.

गुरुवार.

लिओनार्डोकडं दोन खऱ्या धारेच्या तलवारी आणि तो एकाही माणसाला कापत नाही. मुलांच्या कार्यक्रमाला ती परवानगीच नव्हती. मग तो कापतो दोर, झुंबर, पाण्याचे पाइप, खांब. राफेलचे साई, म्हणजे तीन टोकांचे खंजीर, बहुतेकदा भिंत चढायला नाहीतर खणायला कामी येतात. कॉमिकमधले फूट टोळीचे सैनिक माणसं होते, मालिकेत ते रोबो झाले, म्हणजे आडवे कापले तरी स्क्रू आणि तारा बाहेर येतात, रक्त नाही. एका बदलानं मारामारीही राहिली आणि हरकतही टळली. ब्रिटनमध्ये तर नावातला ‘निंजा’ जाऊन ‘हीरो’ आला आणि मायकेलअँजेलोचे नानचाकू, म्हणजे साखळीनं जोडलेले दोन दांडके, कापले गेले. पुढं त्याच्या हातात हूक लावलेली दोरी देण्यात आली.

या बंधनानं लेखकांचं नुकसान झालं असं म्हणतात. मला उलट वाटतं. धार चालवायची नाही म्हटल्यावर आजूबाजूची जागा वापरावी लागते: गोदाम असेल तर साखळी, पिझ्झाचं दुकान असेल तर पीठ, बंदर असेल तर क्रेन. जागा लढाईत उतरते. ज्या भागात नुसते रोबो आडवे केलेत ते विसरले जातात. ट्रॉलीवरही पत्र्याच्या तलवारी एकमेकींवर आपटून काही घडत नाही, आवाज फक्त स्पीकरमधून येतो. खिंडीचा थर्माकोलचा खडक ढकलता आला पाहिजे. अरुंद वाट दाखवायची तर दोन फुटांची फट ठेवा, एका वेळी एकच गनीम शिरेल अशी. मग बाजीप्रभूंनी खिंड का रोखून धरली ते न बोलता कळतं. सीमाभागात हे जास्तच महत्त्वाचं, समोर निम्मे लोक कन्नड बोलणारे असतात, त्यांना संवादावर विसंबून ठेवायचं नाही.

शुक्रवार, थोडक्यात.

टेक्नोड्रोम. एवढा मोठा लढाऊ गोळा, पण कधी पृथ्वीच्या पोटात, कधी उत्तरेच्या बर्फात, कधी डायमेन्शन एक्स या दुसऱ्याच मितीत अडकलेला. हा विनोद नाही, हा गोष्टीचा खिळा आहे. खलनायक इतका बलवान आहे तर शहर जिंकत का नाही? कारण इंजिनाला ऊर्जा नाही. मग तो प्रयोगशाळा फोडतो, आणि चार पोरांना थोपवता येईल एवढाच राहतो. आठव्या सीझनपासून आकाश लाल झालं, विनोद कमी झाले, चॅनेल ६ ची इमारत उडाली, आणि नवव्यात श्रेडर आणि क्रँग बाजूला होऊन लॉर्ड ड्रेग हा नवा खलनायक आला. ड्रेगला असा खिळा नाही. त्याची भीती वाटते, पण त्याच्याशी नातं जुळत नाही.

उलट टोकाला १९९२ ची ‘एक्स-मेन’ ही कार्टून मालिका. ७६ भाग, गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या, माणसं खरंच जातात. जिवंतपणा जास्त, पण क्रम मोडला की पंचाईत. प्रेयसी जीन गेली या दुःखात नायकांच्या संघाचा पुढारी सायक्लॉप्स संघ सोडतो तो भाग चित्रांच्या अडचणींमुळं रखडला आणि फार उशिरा लागला. तोवर प्रेक्षकांनी जीनला परत आलेली बघितलेलं होतं. आता रडायचं कशाला?

शनिवार.

भाषेचं राहिलं. चौघांना मराठीत बोलवायचं तर भल्याभल्यांची चूक ठरलेली: चौघंही पुण्याचं प्रमाण मराठी बोलतात, किंवा गंमत म्हणून चौघंही बेळगावी. दोन्हींत रंग गेले. मूळ मालिकेत किनाऱ्यावरच्या सर्फिंगवाल्या पोरांची बोली सगळ्यांच्या तोंडी थोडी थोडी आहे, पण गच्च भरलेली आहे ती मायकेलअँजेलोच्या. म्हणून बेळगावी त्यालाच द्यावी: ‘काय करूलास मर्दा, पिझ्झा गार व्हायला की!’ लिओनार्डो पूर्ण वाक्यं बोलेल, क्रियापद शेवटी, आज्ञेचं. डोनाटेलो वाक्य सुरू करून मध्येच दुरुस्त करेल. राफेल अर्धं वाक्य बोलेल आणि ते टोचेल: ‘छान. अजून एक दार. बंद.’ तपासायचं सोपं आहे. संहितेतली नावं झाका आणि दुसऱ्याला वाचायला द्या. चारातले तीन ओळखता आले तर ठीक, दोनच ओळखले तर पुन्हा लिहा.

राफेल मध्येच प्रेक्षकाकडं वळून बोलतो, त्याचा मोह आवरावा. बावीस मिनिटांत एकदा, फार तर दोनदा. ट्रॉलीवर शून्य वेळा. तिथं प्रेक्षकाकडं वळलेला मावळा ओळखीच्या पोराला हात करतो आणि देखावा संपतो.

रविवार.

पाच मिनिटांच्या देखाव्याची वेळ मांडून पाहिली. ओळखी वीस सेकंद. महाराज विशाळगडाकडं निघतात, चाळीस. गनीम येतो आणि पहिला हल्ला मावळ्यांना मागं रेटतो, एक मिनिट. इथं एक जण पडलाच पाहिजे. खडक ढकलून फट अरुंद करणं, पन्नास सेकंद. दुसरा हल्ला, दीड मिनिट. तोफांचे आवाज, महाराज गडावर पोचले. बाजीप्रभू कोसळतात, वीस सेकंद, संवाद नाही. उरलेली वीस सेकंदं टाळ्यांना.

मग ट्रॅक्टर हलतो आणि पुढच्या चौकापर्यंत सगळं जागच्या जागी लागायचं असतं. खडक परत वर, दोन माणसं. रक्तासाठीच्या रंगाच्या पिशव्या बदलायच्या, दर चौकाला तीन, आणि दहा चौक धरले तर तीस. आठदहा जास्तीच्या भरून ठेवाव्यात, फुटतात. सगळ्यात वेळ खातं ते बाजीप्रभूंची पगडी. पडताना सुटते, आणि कापडाची असली तर बांधायला चार मिनिटं. पुठ्ठ्याच्या टोपीवर शिवून टाकलेली घ्यावी, हनुवटीखाली काळं इलॅस्टिक.