गड्डा, मे महिना आणि सील बे

ऑस्ट्रेलियाला जायचं ठरलं तेव्हा माझा एकच हट्ट होता. कांगारू आयलंडवरच्या सील बेला जायचं आणि सी लायनची, म्हणजे सीलसारख्या दिसणाऱ्या समुद्रसिंहांची, पिल्लं बघायची. सिडनीचं ऑपेरा हाऊस फोटोत भरपूर बघून झालंय. नणंद अ‍ॅडलेडला असते, त्यामुळे राहण्याचा खर्च वाचणार होता. घोडं अडलं ते तारखांवर.

जानेवारीत तिकडे उन्हाळा. पण जानेवारीत आमचं घर सोलापूर सोडत नाही. गड्ड्याची यात्रा, म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वराची जत्रा! नवरा पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजांच्या मिरवणुकीत चालतो. आधी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, मग भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता. मी जानेवारी म्हणताच सासूबाई कडाडल्या, "सिद्धेश्वराच्या अक्षता टाकून जनावरं बघायला जाणार व्हय?" विषय संपला. मार्चमध्ये माझं बँकेचं क्लोजिंग, पोराची परीक्षा. राहता राहिला मे, म्हणजे तिकडची थंडी. सोलापूरच्या मे महिन्यातून थंडीत पळायला माझी काहीच हरकत नव्हती.

"पण मेमध्ये पिल्लं असतील का?" मी नणंदेला विचारलं. त्यावर तिने जे सांगितलं त्याने मी गारच पडले. बाकीच्या सी लायनचा विणीचा हंगाम दरवर्षी ठरावीक वेळी येतो. या ऑस्ट्रेलियन सी लायनचं चक्र मात्र साधारण सतरा-अठरा महिन्यांचं. एक हंगाम उन्हाळ्यात आला तर पुढचा हिवाळ्यात. तोही महिनोन् महिने रेंगाळणार, आणि दोन वसाहतींचे हंगाम जुळतील याचीही खात्री नाही. आमच्या गावचं दाते पंचांग ग्रहणाची वेळ मिनिटासकट सांगतं, पण या बाईसाहेबांच्या बाळंतपणापुढे तेही काय करणार?

टूरवाल्याला तर हे ऐकायचंच नव्हतं. "मॅडम, त्यापेक्षा पेंग्विन परेड घ्या ना, पॅकेजमध्ये बसतं." त्याच्या पॅकेजमध्ये सगळंच बसत होतं, फक्त मला हवं ते सोडून. नवऱ्याच्या पाठीत थाप मारून त्याचा मित्र म्हणाला, "काय बे, झोपलेली जनावरं बघायला लाखभर घालवतो काय?" शेवटी आम्हीच तिकिटं काढली. ठरवलं, पिल्लं दिसली तर दिसली.

मुंबई, सिंगापूर, अ‍ॅडलेड, अर्धवट झोप. शेंगाचटणी कस्टमला डिक्लेअर केली, ती सुटली. सासूबाईंनी नातवाच्या खोकल्यासाठी दिलेली मधाची बाटली मात्र नणंदेने बॅगेतून काढून घरीच ठेवली. कांगारू आयलंडवर बाहेरचा मध न्यायला बंदी आहे. तिथल्या लिगुरियन, म्हणजे मूळच्या इटलीच्या, मधमाश्यांसाठी ते बेट 1885 पासून राखीव आहे, आणि बाहेरच्या मधातून रोग येऊ नये म्हणून एवढी काळजी. मला हे फार आवडलं. केप जर्विसहून पेनेशॉपर्यंत फेरीबोट पाऊण तासाची, पण नवरा पूर्ण पाऊण तास डोळे मिटून सिद्धेश्वराचं नाव घेत होता.

आणि सील बे. वाळूवर उतरायचं तर गाइडबरोबरच, घोळक्याने, जनावरांपासून अंतर राखून. नवी पिल्लं नव्हती. मी हिरमुसले, तेवढ्यात लाटेतून एक मादी बाहेर आली. पाठ चंदेरी, पोट सायीच्या रंगाचं, पुढचे पंख वाळूत रोवत ती अक्षरशः चालत होती. दर चार पावलांवर थांबायची, धापा टाकायची, ओल्या अंगाला वाळू चिकटलेली. गाइड म्हणाली, या साधारण तीन दिवस खोल समुद्रात शिकार करतात आणि मग तेवढेच दिवस किनाऱ्यावर नुसत्या झोपून काढतात. मादीने घसा ताणून हाक मारली. झुडपांकडून एक पोर धावत आलं, तिने हुंगलं आणि दात दाखवून हाकललं. दुसऱ्यांचं होतं! पुन्हा हाक. मग दुसरीकडून एक चांगलं थोराड पोर घसरत आलं, नाकाला नाक लागलं आणि तिथेच आडवं होऊन ते प्यायला लागलं. पुढचं बाळ होईपर्यंत, म्हणजे दीडेक वर्षसुद्धा आई पाजते म्हणे. म्हणजे मी ज्या चक्रावर एवढी चिडले होते, त्याच्यामुळेच मला हे मे महिन्यात दिसलं.

एकोणिसाव्या शतकात कातड्यासाठी यांची बेसुमार कत्तल झाली. आज ही जात फक्त दक्षिण आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात उरलीय, तीही धोक्यात. मासेमारीच्या जाळ्यांत अडकून मरतात ते वेगळंच.

कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते की बेटावर किमान एक रात्र राहा. आमच्याच वेळी एक दिवसाची सहल घेऊन बस आली होती. ती माणसं मादी पाण्यातून बाहेर येण्याआधीच परतीची फेरी गाठायला निघून गेली. त्यांचा टूरवालाही पॅकेजवालाच असणार.