अ‍ॅबट्सफर्डचा रस्ता

धाकटी खो-खोच्या शिबिरातून लवकर परत आली आहे आणि घरात त्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. आज रविवार, म्हणून सकाळी चहा घेत मोबाइलवर कॅनडातल्या व्हँकुव्हर संघाचा बर्फावरच्या हॉकीचा सामना लावून बसलो होतो. तिकडे शनिवारी संध्याकाळचे सात वाजतात, तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे रविवारचे साडेआठ झालेले असतात. ती पाठीमागून जाताना जरा थांबली आणि म्हणाली, "बाबा, तुमच्या त्या बैन्सलाही असंच परत पाठवायचे ना?" मी हो म्हणालो, आणि ती आत निघून गेली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर चार शब्द बोलून तिची समजूत काढता आली असती. तो प्रश्न दिवसभर मनातून गेला नाही, म्हणून आता लिहायला बसलो आहे.

तिकडेच राहणाऱ्या ताईच्या मुलामुळे मला या बर्फावरच्या हॉकीची गोडी लागली आणि त्याच्यामुळेच अर्शदीप बैन्स हे नाव कळले. हा मुलगा त्यांच्याच सरे गावचा, पंजाबी कुटुंबातला, २००१ सालचा. नॅशनल हॉकी लीग ही तिथली सर्वांत वरची लीग, तिचे संघ दर वर्षी कोवळ्या वयाच्या खेळाडूंची निवड करतात. तिच्या सात फेऱ्या होतात आणि दोनशेहून अधिक नावे पुकारली जातात. २०१९, २०२० आणि २०२१ अशा तिन्ही वर्षी बैन्स त्या निवडीला पात्र होता आणि तिन्ही वर्षी त्याचे नाव कोणी घेतले नाही. तो रेड डिअरच्या ज्युनिअर संघात खेळत राहिला आणि २०२१-२२ च्या मोसमात ११२ गुण मिळवून अशा ज्युनिअर संघांच्या अख्ख्या वेस्टर्न हॉकी लीगमध्ये पहिला आला. गोल केला की एक गुण, आणि गोलाआधीच्या शेवटच्या दोन पासनाही एकेक गुण, असा तिथला हिशेब असतो. त्याच मोसमात, मार्च २०२२ मध्ये, व्हँकुव्हर कॅनक्सने त्याच्याशी करार केला. घरापासून तासाभराच्या आत असलेला, लहानपणापासून पाहिलेला तो संघ होता.

करार झाला म्हणजे पोरगा पोचला, असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात असा खेळाडू बहुतेक वेळा आधी खालच्या अमेरिकन हॉकी लीगमध्ये जातो, आणि व्हँकुव्हरचा तो खालचा संघ अ‍ॅबट्सफर्डला आहे. बैन्सला वरून पहिले बोलावणे आले ते फेब्रुवारी २०२४ मध्ये. डेन्व्हरला कोलोरॅडोविरुद्ध तो पहिला सामना खेळला, पुढे आणखी काही सामने मिळाले, पण गुण मिळाला नाही आणि तो अ‍ॅबट्सफर्डला परतला. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याने वरच्या लीगमधला पहिला गोल केला. त्यानंतरही त्याला परत पाठवण्यात आलेच. ही बातमी दर वेळी एका ओळीची असते. अमुक विंगरला, म्हणजे कडेच्या आक्रमकाला, अ‍ॅबट्सफर्डकडे पाठवले, एवढेच तिच्यात लिहिलेले असते, आणि का पाठवले ते कुठेच नसते.

व्हँकुव्हरहून अ‍ॅबट्सफर्ड सुमारे ७० किलोमीटर, म्हणजे साधारण आपल्या धाराशिवहून सोलापूर. सरे बरोबर त्याच वाटेवर आहे. भाच्याने एकदा नकाशावर हे दाखवले आणि तेव्हापासून ते माझ्या डोक्यात बसले आहे. वर बोलावणे आले काय किंवा खाली पाठवले काय, त्या मुलाला आपल्याच गावावरून जावे लागते. पहिल्या गोलानंतर ज्यांनी पेढे वाटले असतील, त्याच लोकांच्या दारावरून गाडी परत न्यायची. आमच्या धाकटीला तर पुढे जायचेही नव्हते, तिला इथेच उतरायचे होते. धाराशिवमध्ये खो-खो घराघरांत आहे. खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळालेल्या सारिका काळे यांचे हे गाव आहे, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला मुलींनी पहिला विश्वचषक जिंकला तेव्हा आमच्या गल्लीत फटाके वाजले होते. अशा गावात शिबिरातून मुलगी लवकर परत आली, हे कोणाला सांगावे लागत नाही. किराणा दुकानात, नळावर, शाळेच्या फाटकाशी जो तो विचारतो, "लवकर आली का हो?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसते, हे मला समजते. तरीही प्रत्येक वेळी जिवाला लागतेच.

आज दुपारी मन फारच खट्टू झाले होते. आमच्या भागातल्या मुलांचा पुण्या-मुंबईपर्यंत पोचेपर्यंतच निम्मा दम संपतो, आणि तिथे पोचल्यावर यादीच्या तळाशी राखीव म्हणून नाव लागते. हे आमच्याच वाट्याला का यावे, असे वाटत राहिले. हिला मी हे बोलून दाखवले नाही. हिचे म्हणणे निराळे आहे आणि तो विषय पुन्हा काढण्याची माझी तयारी नाही.

मग बैन्सला का पाठवत असत, याचाच मी नीट विचार केला. एका संघात चार लाइन असतात, प्रत्येकीत तीन आक्रमक. साठ मिनिटांच्या सामन्यात ही माणसे पाऊण-पाऊण मिनिटाच्या पाळीने बर्फावर उतरतात. नवख्याला बहुधा चौथी लाइन मिळते आणि सगळ्या पाळ्या जोडल्या तरी आठ-दहा मिनिटे होतात. त्यात पक, म्हणजे चेंडूऐवजी असलेली रबरी चकती, नुसता अडवायचा, चूक करायची नाही आणि लगेच परत येऊन बसायचे. हाच मुलगा अ‍ॅबट्सफर्डला पहिल्या लाइनमध्ये खेळायचा, समोरचा संघ एका माणसाने कमी असतो तेव्हा पॉवर प्लेलाही तोच उतरायचा, आणि हातून चूक झाली तरी पुढची पाळी त्याचीच असायची. शिवाय तिथे एक नियम आहे. मुरलेल्या खेळाडूला खाली पाठवायचे झाले तर आधी इतर संघांना त्याच्यावर हक्क सांगण्याची संधी द्यावी लागते. नव्या खेळाडूला सुरुवातीची काही वर्षे ही अट लागू नसते. म्हणून वर कोणी जखमी झाला की नव्या खेळाडूला आणतात, आणि जखमी माणूस बरा झाला की त्या नव्यालाच परत पाठवतात. म्हणजे प्रत्येक वेळी तो कमी पडलेला असतो असे नाही. बऱ्याचदा त्याला हलवणे सोपे असते, एवढेच त्यामागचे कारण असते.

हे समजल्याने दुःख नाहीसे होत नाही, हेही खरे. पगाराचेच पाहावे. २०२४-२५ मध्ये वरच्या लीगमधला वर्षाचा किमान पगार ७ लाख ७५ हजार डॉलर होता, आणि तो दिवसागणिक मोजला जातो. खाली त्याचा छोटासा हिस्सा मिळतो. ज्या दिवशी त्या एका ओळीची बातमी येते, त्याच दिवसापासून हिशेब बदलतो. तेवीस वर्षांच्या मुलाने हे मनावर घेऊ नये, असे सांगणे सोपे आहे. मला तरी ते सांगता येणार नाही.

तरीही तो खाली जाऊन खेळला, आणि उपकार केल्यासारखा नव्हे, जीव तोडून खेळला. जून २०२५ मध्ये अ‍ॅबट्सफर्डने शार्लटचा पराभव करून त्या खालच्या लीगचा कॅल्डर कप जिंकला, तेव्हा बैन्स त्या संघात होता. त्यांचे प्रशिक्षक होते मॅनी मल्होत्रा, वडिलांकडून भारतीय वंशाचे. त्यांना १९९८ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सनी सातव्या क्रमांकावर निवडले होते, म्हणजे बैन्सच्या अगदी उलट सुरुवात. आणि त्यांनाही कोवळ्या वयात हार्टफर्डच्या खालच्या संघात खेळावे लागले होते. पुढे ते वरच्या लीगमध्ये नऊशेहून अधिक सामने खेळले. खाली पाठवलेल्या मुलांपुढे असा माणूस उभा असणे ही मला फार मोठी गोष्ट वाटते. आमच्या शिबिरात तसे कोणी होते की नाही, हे मी धाकटीला विचारलेले नाही.

संध्याकाळी ती ओट्यावर बसून गुडघ्याला मलम लावत होती. मॅटवर सूर मारून मारून कातडी सोलली आहे, एका बाजूला खपली धरली आहे आणि दुसरी बाजू अजून ओली दिसते. आमच्या मातीत खरचटते, पण असे भाजल्यासारखे सोलत नाही. मी जवळ जाऊन बसलो, तेव्हा ती आपणहून बोलू लागली. शिबिरात तिला सरावात धावायला मिळायचे, पण सामना लागला की ती बाहेर बसायची. खांबाजवळचा तिचा सूर अर्ध्या हाताने कमी पडतो, असे तिथल्या ताईंनी सांगितले म्हणे, आणि तिला ते पटलेही आहे. इथल्या संघात ती प्रत्येक डावात पाठलागाला उतरते, म्हणून तो सूर इथेच सुधारायचा, असे तिने ठरवले आहे. हे सगळे ती हिशेबाची वही वाचावी तशी सांगत होती. मला जे दिवसभर खात होते, ते तिने बहुधा परतीच्या बसमध्येच बाजूला ठेवले असावे. ते पाहून बरे वाटले, आणि एवढ्या वयात हे शिकावे लागले म्हणून थोडे वाईटही वाटले.

हिने स्वयंपाकघरातूनच विचारले, पुढची यादी कधी लागणार? धाकटी म्हणाली, "लागेल तेव्हा कळेल." मी मध्ये बोललो नाही. ती उद्या पहाटेच्या सरावाला निघणार आहे आणि मी तिला मैदानावर सोडायला जाणार आहे. गुडघा भरून येईपर्यंत सूर मारू नकोस, एवढे मी तिला सांगितले आहे, आणि ती ते ऐकणार नाही, हेही मला माहीत आहे.