धरून ठेवलेलं पान

२३ नोव्हेंबर २०२२. बुधवारची रात्र. बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्त्या सुटल्या होत्या आणि शहर आवृत्तीच्या पान एकवर शेवटचा हात फिरत होता. पुण्यातल्या एका दैनिकात मी तेव्हा उपसंपादक होते. डिजिटलच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं, "विक्रम गोखले गेले!" पाठोपाठ सगळ्यांचे फोन एकदम वाजायला लागले.

गोखले ५ नोव्हेंबरपासून दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात होते. प्रकृती बरी नाही हे ठाऊक असल्यामुळे बातमीवर फारशी कुणी शंकाच घेतली नाही. हिंदीतल्या नामवंतांनी श्रद्धांजलीच्या पोस्ट टाकल्या, चॅनेलच्या खालच्या पट्टीवर नाव फिरू लागलं, ते पाहून आणखी लोकांनी पोस्ट टाकल्या. पहिल्याला आधार दुसऱ्याचा, दुसऱ्याला पहिल्याचा. बातमी मुळात कुठून आली हे मात्र कुणालाच सांगता येईना.

आमचा बातमीदार एरंडवण्यात रुग्णालयाच्या दारात जाऊन उभा राहिला. मुख्य उपसंपादकांनी एकच सांगितलं होतं. रुग्णालय किंवा घरची माणसं, दोघांपैकी एकाचा स्वच्छ दुजोरा हवा. तिसऱ्या कुणाचं चालणार नाही, मग तो कितीही मोठा नट असो. "पान धरा," म्हणाले आणि खुर्चीत बसून राहिले. प्रेसवरून फोन आले, मग वितरणाकडून आले, कारण शहर आवृत्ती उशिरा सुटली की गठ्ठे उशिरा पोहोचतात आणि पेपर टाकणारी मुलं खोळंबतात. तरी पान धरलेलंच राहिलं. वर्तमानपत्राच्या नोकरीत मला जे मोलाचं वाटतं, त्यात त्या रात्रीचा तो निर्णय फार वरचा आहे.

बातमी खरी ठरलीच तर मजकूर हाताशी हवा, म्हणून ऑबिटची, म्हणजे मृत्युलेखाची, तयार फाइल माझ्याकडे आली. उघडली तर सुरुवातच 'हम दिल दे चुके सनम'मधल्या ऐश्वर्या रायच्या वडिलांपासून. बाहेरून येत असलेल्या बहुतेक मजकुराची सुरुवातही तीच. माझं डोकं तडकलं. तो सिनेमा १९९९चा. गोखल्यांचं 'बॅरिस्टर' हे नाटक त्याच्या बावीस वर्षं आधीचं, १९७७चं. हे मराठी वर्तमानपत्रानं पहिल्या परिच्छेदात लिहायचं नाही, तर लिहायचं कुणी?

मी खाली ग्रंथालयात जाऊन कात्रणांचं पाकीट काढून आणलं. टाचण्यांना गंज चढला होता आणि तो कागदावरही उतरला होता. मुलाखती आणि परीक्षणं होतीच, पण मला धरून ठेवलं ते नाटकांच्या जाहिरातींनी. चौकोन एवढासा, त्यात नाट्यगृहाचं नाव, वार, वेळ आणि कलाकारांची नावं ठासून बसवलेली. संध्याकाळ झाली की त्या चौकोनाचं काम संपायचं. एखाद्यानं जपून कापून ठेवला नसता तर तो रद्दीत गेला असता.

जयवंत दळवींचं 'बॅरिस्टर' विजया मेहतांनी बसवलं होतं. विलायतेहून शिकून आलेला, विधवांच्या केशवपनाची चीड असलेला, आणि घराण्यातलं वेड आपल्यातही उतरेल या भीतीखाली जगणारा माणूस गोखल्यांनी उभा केला. तिशीतला नट होता तो. पुढे दळवींचंच 'महासागर', तेंडुलकरांचं 'कमला' आणि बऱ्याच वर्षांनी रीमा यांच्याबरोबरचं 'के दिल अभी भरा नही'. २०११चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना अभिनयासाठी मिळाला. २०१६मध्ये घशाच्या दुखण्यामुळे त्यांनी रंगमंच सोडला. ज्याच्या अभिनयातलं अर्धं बळ आवाजात आणि मधल्या विरामांत होतं, त्याला घशानंच अडवावं, हे लिहिताना मला जड गेलं.

घराण्याबद्दल फाइलमध्ये एकच ओळ होती: 'अभिनयाचा वारसा लाभलेले'. अशा ओळी कुणाबद्दलही लिहिता येतात. मी ती काढली आणि माणसांची नावं घातली. 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटासाठी दादासाहेब फाळक्यांना स्त्री मिळाली नव्हती, तारामती अण्णा साळुंके या पुरुष नटानं केली होती. त्याच १९१३ साली 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. कमलाबाई गोखले म्हणजे विक्रम गोखल्यांची आजी, दुर्गाबाई पणजी आणि चंद्रकांत गोखले वडील. भारतीय सिनेमात बाईनं बाईची भूमिका करायला जिथून सुरुवात झाली, ते हे घर. त्याला 'वारसा' म्हणून मोकळं कसं व्हायचं?

इकडे टेलिफोन थांबत नव्हता. पुण्यात रात्री वाईट बातमी कानावर आली की लोक अजूनही पेपरच्या ऑफिसात फोन करतात. "खरं का हो?" एवढाच प्रश्न. आम्ही सगळ्यांना तेच सांगत होतो, "दुजोरा नाही, प्रकृती चिंताजनक आहे." पण ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की प्रत्येक जण वेगळ्याच माणसाची चौकशी करतोय. एक मुलगी म्हणाली, आजी झोपायला तयार नाही, 'तुझेच मी गीत गात आहे'मधले पंडितजी बरे आहेत ना विचारतेय. ती मालिका त्या वर्षीची, तेव्हा सुरूच होती. दुसऱ्या एका बाईंना 'अग्निहोत्र'मधले मोरेश्वर आठवत होते. मालिका संपून बारा वर्षं उलटली होती, तरी त्या त्यांच्याबद्दल घरातल्या माणसासारखं बोलल्या. पन्नाशीच्या एका गृहस्थांनी दूरदर्शनवरच्या 'उडान'ची आठवण काढली. त्यातली कल्याणी पोलीस अधिकारी होते आणि तिला बळ देणारा बाप गोखल्यांनी केला होता. "माझ्या बहिणीनं वडिलांना ती मालिका मुद्दाम बघायला बसवलं होतं," ते म्हणाले. नाटकाचा प्रयोग एका वेळी एका नाट्यगृहात होतो, मालिका जेवणाच्या ताटापर्यंत येते. नाटकावर वाढलेल्या या नटानं मालिकेला दुय्यम काम मानलं असतं, तर हे फोन आले नसते.

सगळ्यात शेवटी कोथरूडहून एका आजोबांचा फोन आला. आवाज थकलेला, पण बोलणं ठाम. "मी 'बॅरिस्टर' पाहिलंय," इथूनच त्यांनी सुरुवात केली. "तो थांबायचा ना, तेव्हा थिएटरात खोकायची सोय नसायची. पुढचं वाक्य येणार हे माहीत असायचं, तरी वाटायचं, आता याला सुचलं नाही तर?" मग म्हणाले, "हे लिहा. बाकी सगळे सिनेमाचंच लिहितील." मी खरोखरच लिहून घेतलं, हाताशी आलेल्या प्रूफच्या पाठीवर.

फोटोंसाठी आमच्या सहकाऱ्यानं 'अनुमती'मधली छायाचित्रं काढून ठेवली होती. गजेंद्र अहिरेंच्या त्या चित्रपटासाठी गोखल्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, इरफान खानबरोबर विभागून. गोष्ट अशी, की बायको बेशुद्ध आहे, यंत्रांवर श्वास चाललाय, पैसे संपत आलेत आणि नवऱ्यानं यंत्रं काढायला संमती द्यायची आहे. तो देत नाही. दारोदार फिरतो, पण देत नाही. पडद्यावर तो चेहरा उघडा होता आणि त्याच वेळी तोच माणूस चार-पाच किलोमीटरवर व्हेंटिलेटरवर होता. सहकाऱ्यानं मला विचारलं, हे छापायचं का? मी नको म्हटलं. निदान त्या रात्री तरी नको.

अखेर कळलं की ते आहेत. कुटुंबीयांकडून खुलासा आला: गोखले हयात आहेत, प्रकृती अत्यंत गंभीर आहे, उपचार चालू आहेत. पान एकवर आम्ही प्रकृतीची एकस्तंभी बातमी घेतली आणि आवृत्ती सोडली. टेबलाभोवती कुणी टाळ्या पिटल्या नाहीत. आमच्या मनात एकच विषय होता. आपला माणूस आत मरणाशी झगडतोय आणि घरच्यांना मात्र 'तो जिवंत आहे' हे जगाला पटवून द्यावं लागतंय. श्रद्धांजली वाहणाऱ्यांत वाईट हेतूचं कुणी नव्हतं, पण एक फोन करण्याइतकी सवड काढायला काय हरकत होती? मला तेव्हा संताप आला होता, आजही येतो.

शुक्रवारी रुग्णालयाकडून चांगली बातमी आली. त्यांनी डोळे उघडले, हातपाय हलवले, पुढच्या ४८ तासांत कदाचित व्हेंटिलेटर काढता येईल. कोथरूडच्या आजोबांचा पुन्हा फोन आला, "बघा, म्हटलं नव्हतं?" त्यांनी असं काहीच म्हटलं नव्हतं, पण मीही हो म्हटलं.

शनिवारी, २६ तारखेला दुपारी ते गेले. वय ७७. ते रुग्णालयात असतानाच, ११ नोव्हेंबरला, त्यांची भूमिका असलेला 'गोदावरी' प्रदर्शित झाला होता. या वेळी दुजोऱ्यासाठी धावपळ करावी लागली नाही. पार्थिव अंत्यदर्शनासाठी बालगंधर्व रंगमंदिरात आणलं आणि संध्याकाळी वैकुंठ स्मशानभूमीत अंत्यसंस्कार झाले. मी बातमीदारांबरोबर तासभर बालगंधर्वला जाऊन आले. रांगेत चित्रपटातले चेहरे होते तसेच मागच्या विंगेतले लोकही होते, प्रेक्षकांना नाव कधी कळत नाही असे. त्यातल्या एकानं बातमीदाराला फक्त किती प्रयोगांना आपण पडदा ओढला ते सांगितलं. रडला नाही, आकडा मात्र दोनदा सांगितला.

ऑफिसात परतल्यावर मजकूर बुधवारी रात्री मांडला होता त्याच क्रमानं लावला. आधी 'बॅरिस्टर' आणि रंगभूमी, मग दुर्गाबाई आणि कमलाबाई, मग मालिका, आणि चित्रपट शेवटी. 'अनुमती'बद्दल चार ओळी आता घेतल्या. हिंदी सिनेमाचं नाव हेडिंगात घ्यावं असा आग्रह वरून झाला, कारण लोक तेच शोधतात म्हणे. मी आजोबांच्या फोनबद्दल सांगितलं, इतर फोनही सांगितले. हेडिंगात सिनेमा आला नाही.

मजकुराखाली आम्ही एक चौकट टाकली होती: गोखल्यांचं तुम्ही पाहिलेलं नाटक किंवा मालिका आठवत असेल तर लिहा. पत्रं आठवडाभर येत राहिली, बरीचशी हातानं लिहिलेली. मालिकांची खूप होती, पण 'बॅरिस्टर'चा एखादा प्रयोग पाहिलेल्यांची पत्रं सगळ्यात लांब होती. कुणी नाट्यगृह लिहिलं होतं, कुणी सोबत कोण होतं ते, कुणी परतीची शेवटची बस चुकल्याचं. एका पानात मावली नाहीत, म्हणून उरलेली पुढच्या रविवारी घेतली.